ई-सेल, एमसीईडी की सरळ विक्री?

कॉलेजात असताना धंदा शिकायचा तर आपल्याकडे तीन वाटा आहेत: ई-सेल (कॉलेजातला उद्योजकता कक्ष) आणि हॅकेथॉन (ठरल्या वेळात प्रश्नावर तोडगा बनवायची स्पर्धा), एमसीईडी या उद्योजकता केंद्राचं प्रशिक्षण, नाहीतर काहीतरी बनवून थेट विकायला लागणं. तिन्ही जवळून पाहिल्या. मी एकच कसोटी लावतो: चार महिन्यांनी ती कल्पना जिवंत असते का?

स्पर्धांची मजा खरी आहे. आयआयटी मुंबईच्या ई-सेलची ‘युरेका’ असो की आपल्या कॉलेजातली, चारचौघांत मुद्दा मांडायची भीड चेपते आणि मुलाखतीत सांगायला काहीतरी हाताशी राहतं. 2017 पासून चालणाऱ्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये सहा जणांची टीम असते, त्यात किमान एक मुलगी हवीच, आणि सॉफ्टवेअरची अंतिम फेरी 36 तासांची. पण तिथले बहुतेक प्रश्न मंत्रालयं वगैरे आधीच लिहून देतात. धंद्यात नेमका तोच भाग अवघड: कुणाचं काय अडलंय हे शोधणं. शिवाय निकाल लागला की घाई संपते. आमच्या टीमचा व्हॉट्सॲप ग्रुप आता वाढदिवसांपुरता उरलाय.

एमसीईडी, म्हणजे महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र, 1988 पासूनचं. मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला. इथे झगमगाट नाही. प्रकल्प अहवाल, यंत्राचं कोटेशन, खेळतं भांडवल, बँकेचा हप्ता असा कोरडा मामला. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात प्रकल्प खर्चाच्या 15 ते 35 टक्के अनुदान मिळतं, त्यासाठी प्रशिक्षण सक्तीचं आहे. यंत्र घ्यायचंच असेल तर ही वाट चांगली. पण माल खपतो हे दिसायच्या आत विद्यार्थ्याने कर्ज अंगावर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

उरली विक्री. माझी एक मैत्रीण होस्टेलवर नाचणीचे लाडू विकते. भाव काढताना गूळ-तूप सगळेच धरतात. गॅस, डबे आणि स्वतःची मजुरी धरायला तिला पहिल्या गिऱ्हाइकांनी शिकवलं. ‘पुढच्या आठवड्यात जीपे करतो’ म्हणणारे मित्र कसे हाताळायचे, हे तर कुठल्याच वर्कशॉपात नाही. कंटाळा तिलाही येतो, पण शनिवारी कुणीतरी ‘डबा कधी?’ म्हणून विचारतं, आणि लाडू वळावेच लागतात. माझ्या मते कल्पना तडीला जाते ती अशा तगाद्याने. (खायचं विकणार असाल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची, नोंदणी आधी करा. ‘उद्यम’ ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी मोफत असते, त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाला हात जोडा.)

म्हणून मी विक्री पहिली ठेवेन. खपाचे आकडे हातात आले की स्पर्धेत उतरा. परीक्षक शेवटी तेच विचारतात. ऑर्डरी स्वयंपाकघरात मावेनाशा झाल्या की एमसीईडी गाठा.

औषधं, सेन्सर, नवं मटेरियल अशा कामांना मात्र हा क्रम लागू नाही. तिथे गिऱ्हाइकाआधी प्रयोगशाळा लागते. आयआयटी मुंबईचं ‘साइन’ किंवा पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारातलं व्हेंचर सेंटर ही त्यासाठीची ठिकाणं, आणि तिथे शिरताना ई-सेलमध्ये कमावलेली पिच, म्हणजे कल्पना थोडक्यात मांडायची हातोटी, नक्की उपयोगी पडेल.