सोनं धुवायचा पॅन आणि डिटेक्टरचा सेट: पॅन एक नंबर, डिटेक्टरबद्दल मात्र घ्यायच्या आधी वाचा

गेला सगळा सीझन हा सेट ओढ्यावर वापरून झालाय, आता लिहायला हरकत नाही. यात १४ इंची हिरवा प्लॅस्टिकचा पॅन, एक चाळणी, कण ओढून घ्यायची स्नफर बॉटल, काचेची कुपी आणि धातू जवळ आला की वाजणारा एक बेसिक डिटेक्टर येतो. मी घेतला डिटेक्टरसाठी आणि जीव जडला पॅनवर.

पॅन आल्या आल्या आधी भांड्यांच्या लिक्विडने घासून घ्या, हे सेटबरोबरच्या कागदावर कुठेही लिहिलेलं नाही. नव्या प्लॅस्टिकवर तेलकटपणा असतो, मी तसाच पाण्यात घातला आणि बारीक सोनं चक्क तरंगत कडेवरून निघून जाताना बघितलं, इतका जीव हळहळला! सोनं पाण्याच्या १९ पट जड, पण कण चपटा आणि तेलकट असला की पाण्याचा ताण त्याला वरच धरून ठेवतो. आता मी पॅन बारीक वाळूने घासून थोडा खरबरीत केलाय आणि धुताना पाण्यात लिक्विडचा एक थेंब टाकतो, कण लगेच खाली बसतात.

पॅनच्या कडेच्या खाचा मस्त खोल आहेत. साधी वाळू साधारण २.६५ घनतेची, काळी वाळू (लोहखनिजाचे जड कण) ५ च्या आसपास आणि सोनं १९.३, त्यामुळे पॅन पाण्याखाली धरून नीट हलवला की जड माल आपोआप तळाला जातो. नवीन माणूस नेमकी इथेच घाई करतो, हलवायचं कमी आणि पाणी ओतायचं जास्त. सवयीसाठी शिशाचे १० छरे चपटे करून वाळूत मिसळा, धुवा आणि मोजा, १० च्या १० परत आले की मगच ओढ्यावर जा. शेवटी खाचेत चमचाभर काळी वाळू उरते, थोडंसं पाणी गोल फिरवलं की ती हळूहळू पुढे सरकते आणि मागे पिवळी रेघ उघडी पडते, हिरव्यावर काळं आणि पिवळं दोन्ही इतकं स्वच्छ दिसतं की चष्मा शोधावा लागत नाही. शिवाय प्लॅस्टिक असल्याने खालून लोहचुंबक फिरवून काळी वाळू बाजूला ओढता येते, लोखंडी पॅनला ते जमत नाही.

डिटेक्टर आहे ८ किलोहर्ट्झ फ्रीक्वेन्सीचा. नाण्यांना, खिळ्यांना ठीक, पण बारीक सोन्यासाठी ४५ किलोहर्ट्झच्या पुढची मशिन्स वेगळी असतात. टाचणीच्या डोक्याएवढा कण कागदाला चिकटवून कॉइलखाली (जमिनीवरून फिरवायची खालची चकती) धरला तरी आवाज नाही, आणि काळ्या वाळूवर नेलं की नुसती कुरकुर, कारण ग्राउंड बॅलन्स (जमिनीतल्या खनिजांमुळे येणारा आवाज दाबायची सेटिंग) फिक्स आहे, आपल्याला बदलताच येत नाही. बॉक्सवर मोठ्या अक्षरात वॉटरप्रूफ लिहिलंय पण वॉटरप्रूफ आहे ती फक्त कॉइल! माझ्या कंट्रोल बॉक्सवर पाणी उडालं, स्क्रीनच्या आत वाफ धरली, कस्टमर केअरला विचारलं तर म्हणे आम्ही कॉइलबद्दलच लिहिलंय. हे मला अजिबात पटलेलं नाही.

तरी एका कामासाठी मी तो बरोबर नेतो. ओढ्याच्या वळणावर आतल्या बाजूला कातळाच्या भेगा असतात ना, तिथे शिसं सापडलं की थांबायचं. गळाला लावायची वजनं, छरे असलं शिसं ११.३ घनतेचं, म्हणजे जिथे ते अडकतं तिथेच सोनंही अडकायची शक्यता जास्त. एकदा अशाच एका भेगेत मशीन खणखणीत वाजलं, निघाला शिशाचा तुकडा, पण मी स्क्रू ड्रायव्हरने भेग तळापर्यंत खरवडून सगळा गाळ पॅनमधे घेतला आणि त्यात तीन कण मिळाले. मशीनला त्यातला एकही ऐकू आला नसता.

जागेच्या मालकाची परवानगी आणि तिथले नियम आधी बघा, खड्डे परत बुजवा, आणि कण गोळा करायला पारा कुणी सुचवला तरी हात लावू नका, स्नफर बॉटल पुरते.

पॅन आणि बॉटल सुटी मिळत असतील तर तेवढंच घ्या. पॅनला ५ पैकी ५, डिटेक्टरला २.