६.४८२ : एका आकड्यावर विश्वास ठेवून मी माझा शोधनिबंध घालवला

गेल्या महिन्यात आमच्या विभागातल्या एका विद्यार्थिनीने मला तिच्या मोबाइलवरचा मेसेज दाखवला. "मॅडम, हे जर्नल चांगलं आहे ना? इम्पॅक्ट फॅक्टर बघा." इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे जर्नलमधल्या शोधनिबंधांचा इतर संशोधक किती आधार घेतात, ते सांगणारा आकडा. तो मेसेज वाचताना माझे हात गार पडले. आठ वर्षांपूर्वी असाच मेसेज मला आला होता. तिला तासभर बसवून जे सांगितलं, तेच इथे लिहिते आहे. तिच्यासारखे शेकडो जण आत्ता प्रबंधाच्या नाहीतर बढतीच्या घाईत असतील.

मी रायगड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात संरक्षणशास्त्र शिकवते. २०१७ मध्ये मी तासिका तत्त्वावर होते आणि पीएचडी शेवटच्या टप्प्यात होती. विषय होता किनारपट्टीची सुरक्षा आणि त्यातला मच्छीमारांचा वाटा. १९९३ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला आरडीएक्स उतरवलं गेलं. २००८ मध्ये दहशतवादी समुद्रातूनच मुंबईत शिरले. त्यानंतर सागरी पोलीस ठाणी, गस्ती नौका, किनाऱ्यावरच्या स्वयंसेवकांचं सागर रक्षक दल यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, पण दलात नाव नोंदवलेल्या कोळ्याला स्वतःला काय वाटतं, हे मला कुठे वाचायला मिळालं नव्हतं. म्हणून दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी बंदरांवर जाऊन मी ६४ जणांच्या मुलाखती घेतल्या. कुणी जाळी विणता विणता बोललं, कुणी पहाटे चारला बोट लागायच्या वेळी या म्हणालं. त्या नोंदींतून एक शोधनिबंध तयार झाला. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१६ च्या नियमाप्रमाणे प्रबंध सादर करण्याआधी रेफरीड, म्हणजे तज्ज्ञांकडून तपासून लेख छापणाऱ्या, जर्नलमध्ये एक लेख छापलेला असणं सक्तीचं होतं. माझा एक लेख तोच.

ऑगस्टमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. सार्वजनिक सुरक्षा आणि पोलीस अभ्यास या विषयाचं आंतरराष्ट्रीय जर्नल, यूजीसी अप्रूव्ड, इम्पॅक्ट फॅक्टर ६.४८२, लेख सात दिवसांत प्रसिद्ध. आमच्या विषयाची जर्नल मुळात कमी, त्यात माझ्या विषयाला इतकं जवळचं नाव. मी वेबसाइट उघडली.

मी अगदीच डोळे मिटून पैसे भरले नाहीत. माझ्या समजुतीप्रमाणे मी तपासलं होतं, आणि नेमकी तिथेच फसले. त्या साइटवर आकडेवारीचं एक स्वतंत्र पान होतं. कोणत्या वर्षी किती लेख छापले, त्यांना किती सायटेशन मिळाली (म्हणजे इतर लेखांनी त्यांचा संदर्भ किती वेळा दिला), त्यावरून काढलेला एच-इंडेक्स किती, कोणत्या देशातून किती लेखक, सगळं तक्त्यात मांडलेलं. शेजारी चढत जाणारा निळा आलेख. खाली शोधनिबंधांची नोंद ठेवणाऱ्या स्कोपस, थॉमसन रॉयटर्स, गूगल स्कॉलर यांची बोधचिन्हं. संपादक मंडळात एक निवृत्त पोलीस महासंचालक. जे जर्नल आपला हिशोब इतक्या बारकाईने उघड मांडतं, ते प्रामाणिकच असणार, असं मला मनापासून वाटलं. यूजीसीच्या मान्य जर्नलच्या यादीतला क्रमांकही दिला होता. तो टाकून पाहिला, तर नाव आलं. त्या नावात एक शब्द वेगळा होता. तो फरक मला दिसला, पण छपाईची चूक असेल म्हणून मी पुढे गेले.

लेख पाठवला. तिसऱ्या दिवशी स्वीकारल्याचं पत्र. परीक्षकाचा अभिप्राय दोन ओळींचा: विषय चांगला आहे, भाषा तपासा. फोन आला, "मॅडम, साडेचार हजार प्रोसेसिंग फी, आणि सर्टिफिकेट, छापील अंक हवा असेल तर बाराशे वेगळे." त्या महिन्यात माझं मानधन चार महिन्यांचं थकलेलं होतं. मी बहिणीकडून पैसे घेतले. मग दुसरा फोन. "तुमच्या संदर्भसूचीत आमच्या जर्नलचे पाच लेख घाला, म्हणजे लगेच पब्लिश होईल." त्यांनीच पाच लेखांची यादी पाठवली. एक लेख बँकांच्या एटीएमबद्दल होता, एक वाहतूक पोलिसांच्या रक्तदाबाबद्दल. माझ्या लेखाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. तरी मी ते घातले. हे लिहायला मला आजही जड जातं. माझी फसवणूक झाली हे खरं, पण त्या पाच ओळींनी त्यांच्या तक्त्यात मीही पाच खोटी सायटेशन भरली.

मार्च २०१८ मध्ये विद्यापीठात प्रबंधपूर्व सादरीकरण झालं. समितीतल्या बाहेरच्या तज्ज्ञ मॅडमनी छापील अंक हातात घेतला, मुखपृष्ठावरच्या ६.४८२ वर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा इम्पॅक्ट फॅक्टर कोणी काढलाय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. आकडा असतो, जर्नलवर छापलेला असतो, एवढंच माझं ज्ञान.

मॅडम रागावल्या नाहीत. मागच्या पानावर त्यांनी मला हिशोब करून दाखवला. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना एका वर्षात मिळालेली सायटेशन, भागिले त्या दोन वर्षांतल्या लेखांची संख्या. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये ही कल्पना मांडली. आज क्लॅरिव्हेट ही कंपनी दर जूनमध्ये ते आकडे जाहीर करते, आणि जर्नलला खरा 'इम्पॅक्ट फॅक्टर' असायचा, तर ते त्यांच्या यादीत असावं लागतं. मग त्यांनी माझ्या मोबाइलवर त्याच साइटचं आकडेवारीचं पान उघडायला सांगितलं. त्यांच्याच तक्त्याप्रमाणे २०१४ मध्ये ५१२ आणि २०१५ मध्ये ६३४ लेख छापलेले. बेरीज ११४६. आता ६.४८२ खरा असेल, तर या लेखांना २०१६ या एका वर्षात साधारण ७४०० सायटेशन मिळायला हवीत. आणि तक्त्यात जर्नल सुरू झाल्यापासूनची एकूण सायटेशन किती लिहिली होती? २३१५.

पाचवीतल्या मुलाला जमेल असा भागाकार. तो तक्ता मी किमान दहा वेळा पाहिला होता आणि एकदाही भागाकार केला नव्हता.

नंतरचे कित्येक दिवस मी त्या पानावरचा एकेक आकडा उकलत बसले. इम्पॅक्ट फॅक्टर देणारी एक वेगळीच संस्था होती. नाव भारदस्त, पण तिच्या साइटवर जर्नलने फी भरून अर्ज करायचा आणि आकडा घ्यायचा, एवढाच व्यवहार. तीन दशांश स्थळं मुद्दाम, कारण खऱ्या इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये तेव्हा तीनच असायची. ज्यांना विषयाची थोडी माहिती आहे त्यांना तर सहा हा आकडाच खटकायला हवा होता. पोलीस अभ्यासातल्या नावाजलेल्या आंतरराष्ट्रीय जर्नलचे इम्पॅक्ट फॅक्टरही तेव्हा साधारण एक-दोनच्या घरात असत. एच-इंडेक्स गूगल स्कॉलरवरचा होता, पण तिथे कुणीही कुणाच्याही नावाने प्रोफाइल उघडू शकतो. यांनी जर्नलच्या नावाने प्रोफाइल उघडून मिळत्याजुळत्या शीर्षकांचे दुसऱ्याच जर्नलमधले लेख आपल्या खात्यात ओढले होते. सर्वाधिक सायटेशन असलेला पहिला लेख एका ब्रिटिश जर्नलमधला निघाला. थॉमसन रॉयटर्सचं चिन्ह होतं ते 'रिसर्चर आयडी'चं. ती संशोधकाने स्वतःसाठी फुकट काढायची ओळख, जर्नलच्या दर्जाशी तिचा संबंध नाही. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाला मिळणारा ओळख क्रमांक, मात्र खरा होता. पण आयएसएसएन म्हणजे गाडीची नंबरप्लेट. चालवणाऱ्याबद्दल त्यातून काही कळत नाही. संपादक मंडळातल्या निवृत्त अधिकाऱ्यांचा पत्ता मिळवून मी त्यांना लिहिलं. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: या जर्नलचं नाव मी प्रथमच ऐकतो आहे.

त्याच महिन्यात पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांचा 'करंट सायन्स'मधला अभ्यास गाइड सरांनी वाचायला दिला. विद्यापीठांनी सुचवल्यामुळे यूजीसीच्या यादीत आलेली १००९ जर्नल त्यांनी तपासली होती. त्यांतली निकषांवर टिकली ११२. निम्म्याहून अधिक जर्नलनी चुकीची माहिती दिली होती, आणि त्या चुकीच्या माहितीत इम्पॅक्ट फॅक्टरचे खोटे दावेही होते. २ मे २०१८ ला यूजीसीने ४३०५ जर्नल यादीतून काढली. माझं जर्नल यादीत कधी नव्हतंच. ते दुसऱ्याचा क्रमांक लावून फिरत होतं.

लेख मागे घ्यायचा म्हणून मी मेल केला. उत्तर आलं, विथड्रॉवल चार्ज नऊ हजार रुपये. दिले नाहीत. लेख अजूनही त्यांच्या साइटवर आहे. खरं नुकसान पैशांचं नव्हतं, ते इथून सुरू झालं. तोच लेख सुधारून मी एका चांगल्या जर्नलला पाठवला, तर तपासणीत ९१ टक्के साम्य. साम्य माझ्याच लेखाशी. आधी छापलेला मजकूर म्हणून त्यांनी तो परत पाठवला आणि त्यांचं बरोबरच होतं. ६४ मुलाखतींचं काम एका कचऱ्याच्या ढिगात अडकलं आणि बाहेर काढायला वाट राहिली नाही. मला नव्याने बंदरांवर जावं लागलं, प्रश्नच बदलावा लागला. प्रबंध दीड वर्ष लांबला. त्या दीड वर्षात पूर्णवेळ पदाची एक जाहिरात निघून गेली.

पोलीस ठाण्यातही गेले होते. हवालदार चांगले होते, पण म्हणाले, "पैसे घेतले, लेख छापला, पावती दिली. फसवणूक कुठे दाखवू?" त्यांना दोष देत नाही. पण ही फसवणूकच आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशन समूहावर २०१६ मध्ये खटला भरला, आणि त्यातल्या तक्रारींत इम्पॅक्ट फॅक्टरबद्दलचे खोटे दावे आणि न विचारता घातलेली संपादकांची नावं होती. २०१९ च्या मार्चमध्ये न्यायालयाने ५ कोटी १ लाख डॉलर भरायचा आदेश दिला. हे तेव्हा माहीत असतं, तर मी त्या टेबलासमोरून इतक्या लवकर उठले नसते.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण असं की २०२५ च्या फेब्रुवारीत यूजीसीने 'केअर' ही मान्य जर्नलची नंतरची यादीही बंद केली. आता जर्नल पारखायचं काम महाविद्यालयावर आणि तुमच्यावर आहे. म्हणून त्या विद्यार्थिनीला मी तिथेच करायला लावलं ते सांगते. जर्नलने स्वतःबद्दल लिहिलेला एकही आकडा धरायचा नाही. स्कोपसची सोर्स लिस्ट आणि सायमॅगो ही जर्नलच्या क्रमवारीची साइट, दोन्ही फुकट आहेत, क्लॅरिव्हेटची मास्टर जर्नल लिस्टही आहे. तिथे स्वतः जाऊन नाव नाही, आयएसएसएन टाकायचा, आणि आलेल्या नावातलं अक्षर न् अक्षर जुळवायचं. जर्नलच्या साइटवरच्या लिंकवरून तर कधीच जायचं नाही, कारण ती लिंक खोट्या यादीकडे नेऊ शकते. जुने दोन-तीन अंक उघडून लेख मोजायचे. एका अंकात शंभर लेख असतील तर ते कुणी वाचून छापले असण्याची शक्यता कमी. आपल्याच विषयातली जुनी, साधी जर्नल आधी बघायची. बीपीआर अँड डीचं, म्हणजे केंद्राच्या पोलीस संशोधन आणि विकास ब्युरोचं, 'इंडियन पोलिस जर्नल' १९५४ पासून निघतं, ते मी तेव्हा उघडूनही पाहिलं नव्हतं. आणि कुणी अमुक लेखांची सायटेशन घाला म्हणालं, तर फोन तिथेच ठेवायचा.

विद्यार्थिनीचं जर्नल तिन्ही याद्यांत मिळालं नाही. तिने अजून पैसे भरले नव्हते.

माझ्या मुलाखतींत दिवेआगरजवळचे एक काका होते, सागर रक्षक दलात पहिल्यापासून. लेख आला तेव्हा मी छापील अंक त्यांना नेऊन दिला होता. दुसऱ्यांदा बंदरावर गेले, तेव्हा त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, घरात जाऊन टीव्हीखालून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला अंक आणला आणि विचारलं, "ताई, मी बोललेलं तर यात बरोबर छापलंय ना?" मी हो म्हणाले. त्यांनी तो पुन्हा पिशवीत घालून आत ठेवला, आणि मी वही उघडून नवे प्रश्न विचारायला सुरुवात केली.