‘गिल्ड वॉर्स २’चं जुनं खातं विकतो म्हणाला आणि ९,३०० रुपये घेऊन गेला

आधी आकडा सांगतो, म्हणजे पुढचं हसत वाचायचं की चिडून, ते तुमचं तुम्ही ठरवा. टोकन २,०००. उरलेले ५,८००. ‘मेल बदलायचे’ १,५००. एकूण ९,३०० रुपये, सगळे यूपीआयने, सगळे माझ्याच हाताने.

गेमची खाती विकणारे कसे गंडवतात हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. त्यामुळे ‘एवढंही कळलं नाही का’ असं कुणी सुनावू नका. घरी ते सुनावून झालंय, आणि तिथे कुणी काही शिल्लक ठेवलेलं नाही.

मुळात मी त्या वाटेला का गेलो ते ऐका. २०१२ साली आलेल्या या गेमची मूळ कथा आता फुकट खेळता येते. सुरुवात झकास आहे. तुमचा वंश कुठला, तुम्ही वाढलात कसे, कुठल्या संघटनेत गेलात, त्याप्रमाणे कथा वळणं घेते. मग येतो ट्रॅहर्न. हा पॅक्टचा, म्हणजे ड्रॅगनांविरुद्ध उभ्या केलेल्या संयुक्त फौजेचा, मार्शल होतो, तुम्ही त्याच्या हाताखालचे कमांडर. लढायचं तुम्ही, भाषणं ठोकायची त्याने. सुरुवातीला केलेल्या निवडी कुठे विरघळतात पत्ता लागत नाही. आणि शेवट? झायटन, ज्या महाड्रॅगनच्या भीतीवर अख्खी कथा उभी केली, तो हवाई जहाजावरच्या तोफा डागून पाडायचा. एकच बटण दाबत राहा. मेला.

हेही गिळलं. ‘हार्ट ऑफ थॉर्न्स’ आणि ‘पाथ ऑफ फायर’ ही पुढची एक्स्पान्शन, म्हणजे गेमचे वेगळे विकत मिळणारे खंड, मी रीतसर पैसे भरून घेतली होती, हे नोंदवून ठेवा, म्हणजे मला फुकट्या म्हणणाऱ्यांची तोंडं बंद होतील. तर ‘हार्ट ऑफ थॉर्न्स’ उघडलं आणि पाहतो तो पॅक्टचं सगळं आरमार जंगलात कोसळलेलं, आणि कालपर्यंत खांद्याला खांदा लावून लढणाऱ्या सिल्व्हारींकडे (गेममधला झाडापासून जन्मलेला वंश) लोक गद्दार म्हणून बघतायत. कारण? ते दुसऱ्या सीझनमध्ये, म्हणजे खंडांच्या मधली कथा सांगणाऱ्या भागांच्या मालिकेत, आणि तो वेगळा विकत. मधले दोनशे भाग चुकवून थेट महाएपिसोडला बसल्यासारखं झालं. एक भाग २०० जेमला (जेम म्हणजे गेमच्या दुकानातलं चलन), आणि ८०० जेम म्हणजे दहा डॉलर. दुसऱ्या सीझनचे आठ भाग, तिसऱ्याचे सहा, चौथ्याचे सहा. करा हिशेब: पन्नास डॉलर, नुसती मधली कथा कळायला.

ही सगळी तणतण मी एका चॅट ग्रुपवर केली. लगेच खासगी मेसेज. “दादा, ट्रॅहर्नबद्दल अगदी माझ्या मनातलं बोललात.” पैशाचा विषयच नाही. झायटनवर बोलला, सिल्व्हारींवर बोलला, माझ्या प्रत्येक तक्रारीला मान डोलावली. या लोकांना पासवर्ड नको असतो हो, त्यांना आधी तुमची तक्रार हवी असते. जो तुमच्या रागाला फार पटकन हो म्हणतो, त्याला यूपीआय आयडी विचारू नका.

मग हळूच, “माझ्याकडे २०१२चं खातं आहे, सगळे सीझन, सगळी एक्स्पान्शन. नोकरी लागली, आता वेळ नाही.” ९,५०० म्हणाला, ७,८०० वर ठरलं. त्याने यादी पाठवली. पहिलीच ओळ: ‘सीझन १, आता कुठेच मिळत नाही, अतिदुर्मिळ.’

इथे. इथेच थांबायला हवं होतं. पहिला सीझन २०१३-१४मध्ये आला आणि गेला, त्यातल्या खलनायिकेने, स्कार्लेट ब्रायरने, लायन्स आर्च शहराची राख केली ती त्या वेळी हजर होते त्यांनीच पाहिली, हे खरं. पण २०२२ साली तो परत आणला गेला, सगळ्यांसाठी, मोफत. मी स्वतः तो खेळलोय! २०१२पासून खेळणाऱ्याला हे माहीत नसेल? गेमच्या लेखकांची एकेक फट शोधून काढणारा मी, आणि या भामट्याच्या कथेत एवढं भगदाड. पण मी त्या वेळी खाली तिसऱ्या सीझनच्या भागांची नावं वाचत होतो. कुणीही तेच केलं असतं.

मूळ सिरियल कीचा, म्हणजे गेम विकत घेताना मिळणाऱ्या कोडचा, स्क्रीनशॉट आला, त्यात अर्धी की काळ्या पट्टीखाली. “पूर्ण पैसे, पूर्ण की.” पूर्ण पैसे गेले, की आली नाही, आली ती ‘मेल बदलायची फी’. मेलपत्ता बदलायला कुठली गेम कंपनी पैसे घेते? व्यवहार ठरल्यावर नवीन फी निघाली की तिथेच फोन ठेवा. मी ती फीही भरली. लॉगिन आलं, चाललं, दुसऱ्या सीझनचा पहिला भाग खेळूनही झाला, आणि मग एका संध्याकाळी पासवर्ड चालेना. माझा नंबरही ब्लॉक. कंपनीकडे जाण्यात अर्थ नव्हता, खात्याची खरेदी-विक्री नियमातच बसत नाही. म्हणजे कागदोपत्री खातं त्याचंच.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार भरली. यूटीआर नंबर (बँक व्यवहाराचा क्रमांक) आधीच लिहून ठेवा, तिथे तोच मागतात. आणि फोन तासाभरात करा; पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत रोखले गेले तर वाचले. बँकेत गेलो, तर “पिन तुम्हीच टाकलात ना? मग व्यवहार अधिकृत.” म्हणजे चोराने पिनही चोरला तरच चोरी म्हणायची का? पोलीस ठाण्यात तर कहर.

“वस्तू कुठे आहे?”

“वस्तू नाही साहेब, गेमचं लॉगिन.”

“मग चोरी कशाची झाली?”

मी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड सांगितलं, तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड. भारतीय न्याय संहितेचं ३१८ सांगितलं. “वकील आहात?” नाही. “मग बसा.” बसलो. शेजारच्या टेबलावरून एकाने विचारलं, वय काय तुमचं? वय! लग्नाच्या साइटवर गंडलेल्याला, शेअरच्या ग्रुपमध्ये बुडालेल्याला कुणी वय विचारतं का? पैसे जिथे गेले ते खातं दुसऱ्या राज्यातलं, म्हणून “तिकडे पत्र पाठवावं लागेल.” पाठवलं का, हे विचारायला गेलं की ते साहेब रजेवर असतात.

आणि एक: गेममधलं सोनं देऊन जेम घेता येतात. वेळ लागतो, पण कुणाला ‘भाऊ’ म्हणावं लागत नाही.

तक्रारीपुढे अजून ‘प्रक्रियेत’ लिहून येतं. तो दुसऱ्या नावाने पुन्हा फिरतोय, भाव आता ८,५००. यादी तीच, शब्दन्‌शब्द, पहिला सीझन अजून ‘अतिदुर्मिळ’. ती ओळ दिसली की घेऊ नका, आणि त्याचा नंबर १९३० ला कळवा.