तारा आणि नेटवर्क केबलसाठी लेबल: नागपूरच्या उन्हाळ्यात कोणते टिकते?

केबलसाठी लेबल निवडताना बहुतेक जण अक्षरे किती ठळक उमटतात एवढेच पाहतात. प्रत्यक्षात लेबल वाया जाते ते बहुधा गोंदामुळे. कॅट-६ या नेहमीच्या नेटवर्क केबलची जाडी जेमतेम ६ मिलिमीटर असते आणि तिच्यावर गुंडाळलेली पट्टी सतत सरळ होऊ पाहते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या तापत्या नऊ दिवसांत, पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, की बंद खोलीतल्या रॅकमध्ये (नेटवर्कची यंत्रे बसवलेल्या कपाटात) किंवा गच्चीवरच्या कॅमेऱ्याच्या पेटीत साधा गोंद मऊ होतो आणि पट्टीचे टोक उघडते. त्यात कार्यालयात डेझर्ट कूलर चालत असेल, तर त्याच्या ओलाव्याने कागदही फुगतो.

त्यामुळे कागदी स्टिकर लावून वर सेलोटेप गुंडाळणे हा उपाय तात्पुरताच समजावा. दुकानाच्या बिलाच्या प्रिंटरवर काढलेले स्टिकर तर अजिबात वापरू नयेत, कारण त्या कागदावर अक्षर उमटते तेच उष्णतेने, आणि पुढे तीच उष्णता सारा कागद काळा करते. टिकाऊ छपाईसाठी थर्मल ट्रान्सफर प्रिंटर (रिबनवरची शाई उष्णतेने लेबलवर उतरवणारा) आणि रेझिन रिबन ही जोडी घ्यावी; मेणाच्या रिबनची छपाई स्वस्त पडते, पण घासली की पुसली जाते.

कार्यालय, कोचिंग क्लास किंवा दवाखान्याच्या नेटवर्कसाठी माझी पहिली पसंती सेल्फ-लॅमिनेटिंग व्हिनाइल लेबलला आहे. त्याच्या एका टोकाला छपाईसाठी पांढरा भाग आणि पुढे पारदर्शक शेपूट असते. गुंडाळताना हे शेपूट छपाईवर येऊन बसते, त्यामुळे धूळ, घाम आणि ओले फडके अक्षरांपर्यंत पोचत नाही. शिवाय लेबल स्वतःवरच चिकटत असल्याने सगळा भार केबलच्या गुळगुळीत आवरणावर पडत नाही. मात्र माप चुकवू नये. कॅट-६चा घेर साधारण १९ मिलिमीटर भरतो. छपाईचा भाग १२ आणि शेपूट २५ मिलिमीटर असेल, तर पहिला वेढा पूर्ण होऊनही १८ मिलिमीटर शेपूट उरते आणि छपाई सहज झाकली जाते. तेच लेबल ८ मिलिमीटर जाडीच्या कॅट-६ए केबलवर लावले, तर घेर २५ मिलिमीटर होतो आणि छपाई कशीबशी झाकली जाते. तेथे लांब शेपटाचेच लेबल मागवावे.

हातातल्या छोट्या यंत्रातून निघणारी लॅमिनेटेड फीत सोयीची खरी, परंतु तिचा नेहमीचा प्रकार ताठ असल्याने तो सपाट पॅच पॅनेलवर (रॅकमधल्या केबल जोडण्याच्या पट्टीवर) शोभतो आणि गोल केबलवर सुटतो. केबलसाठी त्याच यंत्राची लवचीक फीत वेगळी मिळते, उदाहरणार्थ ब्रदरची एफएक्स मालिका. दुकानदार बहुधा पहिलीच फीत पुढे करतो, म्हणून नाव घेऊन मागावी.

हीट-श्रिंक स्लीव्हमध्ये गोंदाचा प्रश्नच येत नाही. पॉलिओलेफिनची ही नळी गरम हवेने आवळून तारेवर बसते आणि वर्षानुवर्षे हलत नाही. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात तेल आणि कंपन सोसणाऱ्या तारांसाठी मी हाच पर्याय घेईन. नेटवर्क केबलवर मात्र अडचण येते. निम्म्यावर आकसणारी १२ मिलिमीटरची नळी कॅट-६वर नेमकी बसेल, पण केबलच्या टोकाचा आरजे-४५ प्लग तिच्यातून जात नाही. म्हणून ती क्रिम्पिंगपूर्वीच, म्हणजे प्लग दाबून बसवण्याआधीच, ओवावी लागते, नाहीतर एक-तृतीयांशावर आकसणारी मोठी नळी घ्यावी लागते. शिवाय ही नळी पुरती आवळायला साधारण ९० ते १२० अंश उष्णता लागते आणि आतल्या तारांवरचे पॉलिथिलीन त्याच सुमारास मऊ होते, त्यामुळे हीट गन एका जागी धरून चालत नाही. फायबर (प्रकाशतंतूच्या) केबलवर तर हा प्रयोग करूच नये. २ किंवा ३ मिलिमीटरच्या पॅच कॉर्डला (यंत्रे जोडणाऱ्या आखूड केबलला) झेंड्यासारखे दुमडून चिकटणारे लेबल पुरते.

कंट्रोल पॅनेलच्या तारांना आपले पीव्हीसी फेरूलच (तारेवर ओवायची क्रमांकाची छोटी नळी) बरे. लग (तारेच्या टोकाचा धातूचा जोड) बसवण्याआधी ते तारेच्या मापाचेच ओवावे, १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेवर २.५चे फेरूल ढिले पडते आणि उभ्या तारेवरून खाली घसरते. फेरूलवर ६ आणि ९ मधला फरक दाखवणारी खूण आहे की नाही, हेही घेतानाच पाहावे.

कोणताही प्रकार घेतला तरी केबलच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक हवा. टीआयए-६०६ या केबलच्या नोंदी आणि लेबलांविषयीच्या अमेरिकी मानकानुसार लेबल टोकापासून ३०० मिलिमीटरच्या आत असावे. त्याहून मागे लावलेले लेबल रॅकमधल्या जुडग्यात दडते आणि ते वाचण्यासाठी चालू केबलच ओढावी लागते.