यादी, करार, वचन की रोजची तपासणी? नव्या वर्षाचा संकल्प करणाऱ्या ख्रिस्ती माणसासाठी

वजन उतरवायचं, कर्ज फेडायचं, वर्षभरात पवित्र शास्त्र पूर्ण वाचायचं. ख्रिस्ती घरांतही 31 डिसेंबरला हेच ठरतं. मग मंडळीतलं कुणीतरी याकोबाच्या पत्राचा चौथा अध्याय काढतं: उद्याचं तुम्हाला काय ठाऊक, 'प्रभूची इच्छा असेल तर' असं म्हणा. त्यावर दुसरा लूकचा चौदावा काढतो: बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा अंदाज घेत नाही का? दोघंही बरोबर. म्हणून संकल्प करावा की करू नये, या वादात मी पडत नाही. संकल्प मोडला की या चारांतली कोणती पद्धत काय करायला सांगते, ते बघावं आणि निवडावं. मोडणार हे तर धरूनच चालायचं. शास्त्राचे 1189 अध्याय. रोज तीन-चार वाचत गेलं की जानेवारी सरता सरता लेवीय हे पुस्तक येतं, आणि कितीतरी जणांचं वाचन होमार्पणाच्या नियमांतच अडकतं.

यादी सगळ्यांच्या ओळखीची. तिचं टोक बघायचं तर जोनाथन एडवर्ड्‌स. पुढे अमेरिकेतला मोठा धर्मज्ञ झालेल्या या माणसाने 1722-23 मध्ये, अठरा-एकोणीस वर्षांचा असताना, स्वतःसाठी 70 संकल्प लिहिले. देवाच्या मदतीशिवाय मला काही जमणार नाही, हे यादीच्या माथ्यावरच आहे. यादी आठवड्यातून एकदा वाचायची, हेही. मला सर्वांत आवडतो तो तिसरा. ढिलाई आली आणि संकल्प पाळायचे राहिले, तर भानावर आल्यावर आठवेल तेवढ्याचा पश्चात्ताप करायचा. आपल्या याद्यांत हे कलम कधीच नसतं, म्हणून त्या फेब्रुवारीत गुपचूप फाटतात. पण यादीला एक मोठी खोट आहे: लिहिणाऱ्याला जे दिसतं तेवढंच तिच्यात येतं. याच एडवर्ड्‌सने 1731 मध्ये एक गुलाम मुलगी विकत घेतली. सत्तरातला एकही संकल्प आडवा आला नाही.

करार हा वेगळाच प्रकार. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट चळवळीच्या जॉन वेस्लीने 1755 मध्ये लंडनला कराराच्या नूतनीकरणाची उपासना सुरू केली. मेथडिस्ट मंडळ्यांत ती बहुधा वर्षाच्या आरंभी होते. तिथली प्रार्थना सांगते की मी आता माझा नाही, तुझा आहे. मला कामाला लाव नाहीतर बाजूला ठेव, भरलेला ठेव नाहीतर रिकामा. यात ध्येय असं नाहीच. मार्चमध्ये नोकरी गेली, आजारपण आलं, तर यादी कोसळते. करार उभा राहतो, कारण 'बाजूला ठेव' हे आपणच म्हटलेलं असतं. शिवाय तो सगळ्या मंडळीसोबत होतो, एकट्याने वहीत नाही. मात्र इतकं व्यापक वचन देऊन, बाहेर चहा-केक घेऊन, जसेच्या तसे घरी परतणंही फार सोपं आहे. कर्जाचा हप्ता त्याने फिटत नाही.

वर्षाच्या वचनाबद्दल थोडक्यात. बऱ्याच मंडळ्यांत वॉचनाइटला, म्हणजे 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत, ताटातून शास्त्रवचनाचं कार्ड उचलतात. चिठ्ठी टाकून वचन निवडण्याची रीत जर्मनीतल्या हेर्नहूटच्या मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाच्या बांधवांतही जुनी आहे. 1728 पासून ते रोजचं वचन देत आले. कार्ड धीर देतं, पण दिशा देत नाही. लाडकं वचन यिर्मया 29:11, हिताच्या योजनांचं. त्याच्या आदल्याच वचनात बाबेलमधल्या बंदिवासाची 70 वर्षं आहेत, आणि ती कार्डावर छापत नाहीत! कार्ड जरूर घ्या, पण त्यावरून नोकरी बदलायची की नाही ते ठरवू नका. आणि मिळालेला अध्याय पूर्ण वाचा.

रोजच्या तपासणीची मुळं सोळाव्या शतकात, कॅथलिक संत इग्नाशिअस लोयोला यांच्या साधनेत आहेत. आधी आभार, मग प्रकाशाची याचना, मग दिवस आठवणं, क्षमा मागणं आणि उद्यासाठी एक निर्धार. त्यांच्याच पद्धतीत एक व्यवहारी युक्ती आहे: एकच दोष निवडायचा, कागदावर दिवसागणिक ओळी आखायच्या आणि जितक्यांदा तो घडला तितके ठिपके द्यायचे. दिवसाची दिवसाशी, आठवड्याची आठवड्याशी तुलना करायची. हे प्रोटेस्टंटांनी करू नये असं काही नाही. एडवर्ड्‌सही रोज रात्री स्वतःची झडती घेतच होता. मोडणं इथे रोजच्या हिशेबातच धरलेलं आहे. तरी अतिचिकित्सक, स्वतःला सतत दोष देणाऱ्या माणसाने ठिपक्यांच्या वाटेला जाऊ नये. त्याने आभारापाशीच जास्त वेळ थांबावं, आणि जमल्यास पाळकांशी किंवा धर्मगुरूंशी बोलून पुढे जावं.

माझा कौल असा. कर्ज, वजन, अभ्यास अशा मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी यादी करा, पण तीन-चार ओळींचीच, तिसऱ्या कलमासकट. आणि ती अशा माणसाला दाखवा ज्याला तुमचे दोष तुमच्यापेक्षा नीट दिसतात. बहुतेक घरांत तो माणूस शेजारीच बसलेला असतो. राग, खोटं, मोबाइल अशा सवयींना ठिपके बरे. गेलं वर्ष मृत्यूचं, आजारपणाचं गेलं असेल, तर यंदा यादी करूच नका. करार पुरेसा आहे. आणि 31 तारीख हुकली म्हणून पुढच्या डिसेंबरची वाट बघत बसू नये. वेस्लीची ती पहिली उपासना 11 ऑगस्टला झाली होती.