जुनी फ्रेंच नावं शोधायला इन्सेची यादी: फुकट, प्रचंड आणि जरा फसवी

मुलासाठी जुनं आणि सहसा न आढळणारं फ्रेंच नाव हवं असेल, तर 'दुर्मिळ नावं' अशा मथळ्याच्या तयार याद्यांच्या नादी लागू नये. त्यांत हटकून गास्पार, ओग्युस्तँ, झ्यूल आणि लेऑं असतात. ही नावं परत येऊन बरीच वर्षं झाली; फ्रान्समधल्या बालवाडीत ती सर्रास सापडतात. खरी परीक्षा फ्रान्सच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या, म्हणजे इन्सेच्या यादीवर होते. 1900 पासून फ्रान्समध्ये जन्मलेल्यांची नावं, वर्ष आणि संख्या असा हा ऐवज आहे. संकेतस्थळावर नाव टाकलं की आलेख दिसतो, आणि पूर्ण फाइलही फुकट उतरवता येते.

आधी लिंग निवडा. कामी हे नाव घ्या. चित्रकार पिसारो कामी, संगीतकार सँ-साँसही कामी, पण आज हे नाव प्रामुख्याने मुलींचं. क्लोद हे नावही मुलगा-मुलगी दोघांनाही चालतं. दोन्ही आकडे एकत्र पाहिले तर निष्कर्ष साफ चुकतो.

मोठी गोम 1946 च्या आधीच्या आकड्यांत आहे. ही यादी ज्या राष्ट्रीय नोंदवहीवरून काढतात ती 1946 मध्ये सुरू झाली. त्याआधीच वारलेल्यांपैकी बरेच जण तिच्यात नाहीत, आणि शतकाच्या सुरुवातीला बालमृत्यूही पुष्कळ होते. त्यामुळे 1905 साली एखाद्या नावापुढे दिसणारा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमीच असतो. नेमकी जुन्या नावांच्या शौकिनांचीच इथे पंचाईत होते. उपाय सोपा आहे: नुसता आकडा पाहू नका, त्याला त्याच वर्षाच्या मुलग्यांच्या एकूण संख्येने भागा. उणीव नावाच्या आकड्यात आणि एकूण संख्येत दोन्हीकडे असल्याने प्रमाण बऱ्यापैकी टिकतं. 1915 ते 1918 मधला खड्डाही याच रीतीने भरून निघतो. युद्धामुळे जन्मच घटले होते, नावाचा त्यात दोष नाही.

दुसरी अडचण, फार कमी वेळा ठेवलेली नावं स्वतंत्र न दाखवता 'दुर्मिळ नावं' या एकाच ओळीत ढकलतात. बरीच वर्षं ही मर्यादा वर्षाला 3 बाळांची होती. म्हणून फ्यूल्झांस, ओनेझीम, सोस्तेन यांच्या आलेखात मध्ये मोकळी वर्षं दिसली तर 'त्या वर्षी कुणीच नाही' असं समजू नका. एखाददुसरा असूही शकतो. अशा नावांची दहा-दहा वर्षांची बेरीज पाहिली की चढ आहे की उतार, हे बरं कळतं. शिवाय यादीत फक्त पहिलं नाव मोजतात. आजोबांचं नाव दुसऱ्या-तिसऱ्या जागी जपण्याची फ्रेंच रीत तिच्यात दिसतच नाही.

फाइल उघडताना एक्सेलमध्ये दोन घोळ होतात. डबल क्लिक केलं तर स्वरचिन्हांची अक्षरं बिघडतात. त्याऐवजी डेटा मेनूतून आयात करा, अक्षरांची सांकेतिक पद्धत म्हणून यूटीएफ-8 निवडा, विभाजक म्हणून अर्धविराम द्या. जिल्हावार फाइल तीस लाख ओळींहून मोठी आहे आणि एक्सेलची मर्यादा 10,48,576 ओळींची. पुढचा भाग कापला जातो आणि ते लक्षातही येत नाही. तिथे पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा किंवा एखादा डेटाबेस हवा.

आता गोडीचं बोलू. 1803 च्या कायद्याने दिनदर्शिकांतली आणि प्राचीन इतिहासातल्या माणसांची नावंच चालत, म्हणून जुन्या फ्रेंच नावांत संत, ग्रीक आणि रोमन यांची एवढी गर्दी: आशील, आरिस्तीद, इपोलित, आंब्रुआझ. यांत आंब्रुआझ आणि आनातोल आता पुन्हा वर सरकताना दिसतात, तेव्हा वेगळेपणा हवा असेल तर ती टाळलेली बरी. आमचं मत एव्हारिस्त आणि फिलिबेर यांना. पहिल्यामागे विसाव्या वर्षी द्वंद्वयुद्धात गेलेला गणिती गाल्वा उभा आहे. दुसऱ्यामागे वनस्पतिशास्त्रज्ञ कोमेर्सों; आपल्याकडे कुंपणाकुंपणावर फुलणारी बोगनवेल त्याच्याच सफरीत युरोपीय शास्त्राच्या नजरेला पडली. ओनेझीम मात्र अजून फारच धुळीत आहे, जपून.

1900 पूर्वीचं काही हवं असेल तर इन्से उपयोगाची नाही. जिल्हा अभिलेखागारांच्या संकेतस्थळांवर दहा-दहा वर्षांच्या जन्मसूची मिळतात, पण त्या आडनावांच्या क्रमाने लावलेल्या असतात, म्हणजे नाव शोधायला पानंच्या पानं वाचावी लागतात. पॅरिस महापालिकेची 2004 पासूनची वेगळी यादीही पाहा. राजधानीत एखादं नाव किती उचललं गेलंय ते तिथे कळतं.

फ्रान्समध्ये बाळंतपण असेल तर हा सगळा शोध आधीच उरका. जन्मानंतर नगरपालिकेत नोंदीला 5 दिवसच मिळतात. 1993 च्या कायद्यानंतर नोंदणी अधिकारी स्वतः नाव नाकारू शकत नाही. बाळाच्या हिताला बाधक वाटलं तर सरकारी वकिलाला कळवतो आणि निर्णय न्यायालय देतं, पण संतांच्या जुन्या नावांवर ती वेळ येण्याचं काही कारण नाही.