रेडिएशन चालू असताना काकूंना विकलेले ‘फळांच्या अर्काचे’ डबे

माझ्या काकांना तोंडाचा कॅन्सर आहे. खर्र्‍याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची, जुनी सवय. उमरेडहून रेडिएशनसाठी नागपूरला येणं सुरू होतं आणि मधल्या आठवड्यांत तोंड इतकं आलं की वरणाचं पाणीही गिळवेना. दवाखान्याबाहेरच्या चहाटपरीवर एक माणूस नेमका अशाच घरच्यांना हेरत असे.

“काकू, हे औषध नाहीच जी, फळांचा अर्क आहे. अँटिऑक्सिडंट. रेडिएशननं जळलेल्या पेशी दुरुस्त करते. फक्त डॉक्टरले सांगू नका, ते उगाच बंद करायले लावतात.”

सोयाबीनच्या पैशातले अठरा हजार गेले. पावती कच्च्या कागदावर.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती त्या ‘सांगू नका’ची. रेडिएशन पेशीत फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशीला इजा करणारे अस्थिर कण, तयार करतं आणि बऱ्याच अंशी त्यांच्याच माऱ्याने कॅन्सरची पेशी मरते. अँटिऑक्सिडंट नेमकं हेच फ्री रॅडिकल्स निकामी करतं. मोठ्या डोसमध्ये घेतलं तर ते गाठीलाही वाचवू शकतं, म्हणून डॉक्टर नको म्हणतात. कॅनडात क्यूबेकमध्ये डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या ५४० रुग्णांवर याची चाचणी झाली, निष्कर्ष २००५ मध्ये आले. व्हिटॅमिन ई आणि बीटा कॅरोटीन ही अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांना रेडिएशनचा त्रास कमी झाला, हे खरं. पण गोळ्या चालू असताना त्यांच्यात नवे कॅन्सर जास्त निघाले. त्याआधी १९९४ मध्ये फिनलंडमधल्या सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत बीटा कॅरोटीनने फुप्फुसाचा कॅन्सर वाढलेला दिसला होता. ताटातल्या संत्र्याबद्दल, पालेभाजीबद्दल हे नाही. गोळीत कोंबलेल्या डोसबद्दल आहे.

डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नंबर होता आणि तो दाखवूनच त्याने काकूंचा विश्वास मिळवला. तो परवाना खाण्याची वस्तू विकण्याचा असतो, कॅन्सरवर गुण येतो याचा दाखला नसतो. कॅन्सर बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला तर १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे.

डॉक्टरांनी डबे बंद केले, गुळण्या आणि तोंड बधिर करणारं जेल लिहून दिलं, आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. हे सगळं आधीही मिळालं असतं, पण काकू त्या माणसाच्या सांगण्यावरून गप्प होत्या.

अन्न व औषध प्रशासनाकडे आम्ही तक्रार दिली आहे. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तुमच्या घरी असा डबा असेल तर फेकू नका. लेबल, बॅच नंबर, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, आणि डबा उद्याच रेडिएशनच्या डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवा.